काही नाही तिकडं

आमच्या घरात रात्रीच्या जेवणाला सगळे एकत्र बसतात, आणि त्यातल्या एकालाही हे माहीत नाही. नवऱ्याला नाही, लेकरांना नाही. देवापुढं बसूनसुद्धा मी हे कधी पहिल्यापासून शेवटपर्यंत मनात म्हटलेलं नाही — अर्ध्यावर येते आणि भाजी करपतेय का बघायला उठते. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण बघा, इथंच अडखळायला झालं.

आधी डोंगराचं सांगते. ते सांगताना मला बरं वाटतं, म्हणून तेच आधी.

आमचं घर जिंतूरला. परभणी जिल्हा म्हटलं की लोकांना काळी सपाट रानं दिसतात — कापूस, सोयाबीन, आणि नजर जाईल तिथवर बांधच बांध. इकडं डोंगर आहेत हे खुद्द परभणीच्या पाहुण्यांनाही सांगावं लागतं. फार उंच नाहीत. पण पळस आहे, सीताफळी आहेत, टेंभुर्णी आहे, मधूनच काळा खडक उघडा पडलेला आहे, आणि माथ्यावर गेलं की लांब येलदरीच्या धरणाचं पाणी पत्र्यासारखं चकाकताना दिसतं. लग्न होऊन आल्यापासून हे डोंगर मी गच्चीवर पापड वाळत घालताना बघत होते. तिथं जायचं असतं, हे डोक्यात आलं नव्हतं.

मग शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. कॉलनीतल्या रस्त्यावर चालायचे — या टोकाहून त्या टोकाला, दाव्याला बांधलेल्या म्हशीसारखी. एका सकाळी रस्ता संपला तिथं मागं वळलेच नाही. गुरांची पायवाट होती, तिच्यावरून चालत राहिले. घरी आले तेव्हा साडीला कुसळं, पायाला ओरखडे, आणि छातीत असं काहीतरी, जे मला सांगता यायचं नाही. बाईच्या नावावर घर नसतं, शेत नसतं. तो डोंगर माझ्या नावावर झाल्यासारखं वाटलं.

पुढं पद्मीनबाई माझ्यासोबत यायला लागल्या. शाळेतून रिटायर झालेल्या, गल्लीत एकट्या राहणाऱ्या, मुलगा परभणीला. मग शेजारच्या दोघीतिघी. मग रविवारचा आमचा घोळकाच झाला. कुठल्या वाटेनं जायचं, कुठं बसायचं, कधी मागं फिरायचं — हे मी ठरवायची. काटेरी झुडपं आली की बायका थांबायच्या आणि म्हणायच्या, "ताई, तुमी व्हा पुढं." एवढंच. पण तुम्हाला कुणी पन्नाशीला येईपर्यंत 'पुढं व्हा' म्हटलेलं नसेल, तर ते शब्द काय करतात हे तुम्हाला कळायचं नाही.

आणि मग वैशाली आली.

वैशाली माझी धाकटी जाऊ. दिराची बदली झाली आणि ती दोघं आमच्याच घरात राहायला आली. ती पूर्ण्याची, रेल्वेच्या क्वार्टरात वाढलेली, पाच भावांत एकटी. पहिल्याच रविवारी पंजाबी ड्रेस घालून, ओढणी कमरेला गुंडाळून, पायात बूट चढवून उभी — "चला ताई, मी बी येते."

मीच नेलं तिला. हे लक्षात ठेवा.

तिला टिटवीची नक्कल यायची. इतकी हुबेहूब, की माळावरची टिटवी तिला उलट ओरडायची, आणि बायका हसून हसून खाली बसायच्या. नीलपंख तारेवर दिसला की तिला तो माझ्याआधी दिसायचा. ओढ्याच्या कडेकडेनं वर जाणारी एक वाट तिनं शोधली — मी इतकी वर्षं त्याच ओढ्यावरून वळत होते, मला दिसली नव्हती. ती वाट माझ्या वाटेपेक्षा चांगली होती. सावलीची होती. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "छान गं." आणि घरी येऊन तिचे चिखलाचे बूट दारातून उचलून लांब फेकले, कुणी बघत नसताना.

मला तिच्याबद्दल वाईट सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं! पण काय सांगू? ती माझ्या आधी उठायची. माझ्या शुगरच्या गोळ्या संपत आल्या की तीच आणून ठेवायची. मत्सर करायला माणूस वाईट असावं लागतं असं थोडंच आहे?

एका रविवारी तिला ताप होता. मी नेहमीसारखी कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले. निम्म्याही बायका आल्या नाहीत. ज्या आल्या त्यांनी पहिलं विचारलं, "वैशाली कुठंय?" — आणि मग परत येताना उतारावर, जिथं पद्मीनबाई कायम माझा हात धरायच्या, तिथं त्या म्हणाल्या, "वैशालीचा हात लय घट्ट असतो हो. भ्याव वाटत न्हाई." त्यांच्या मनात काही नव्हतं. हात माझाच धरला होता त्यांनी. पण त्या दिवसापासून मी रात्री अंथरुणावर पडले की ते वाक्य ऐकायची.

आता येते. येतेच आहे.

वैशालीनं ठरवलं की पुढच्या रविवारी सगळ्यांना मोठ्या कपारीखाली न्यायचं. माथ्याच्या अलीकडं एक कडा पुढं झुकलाय, त्याच्याखाली दहा-पंधरा माणसं बसतील एवढी सावली. तिनं ती लांबून पाहिली होती. मीही लांबूनच. माझ्या मनात आलं — ती जायच्या आधी आपण जाऊन यायचं. म्हणजे रविवारी तिनं दाखवली, की आपण म्हणायचं, "हो, मी येऊन गेलेय इथं." इतक्या क्षुद्र कारणासाठी मी एकटी तो चढ चढले. फाल्गुन लागत होता, पळस पेटला होता, आणि मी एकदाही मान वर करून तो पाहिला नाही.

कपारीच्या तोंडाशी पोचले आणि वर बघितलं. छताला काळ्या गोधड्या वाळत घातल्यासारखं काहीतरी लोंबत होतं. एक, दोन, आणखी आत बऱ्याच. मग त्यातल्या एकीच्या अंगावरून सळसळ गेली — वाऱ्यानं गव्हाच्या रानावरून जावं तशी. आग्या मोहोळ. मी श्वास धरून, एकेक पाऊल मागं सरकत, आले तशी खाली उतरले.

घरी येईपर्यंत, खरं सांगते, मी हे तिला सांगणारच होते. तोंडावर होतं. पण दारातून आत शिरले तर पद्मीनबाई आमच्या ओट्यावर बसलेल्या, वैशालीच्या मोबाइलमधले फोटो बघत, आणि दोघी हसत होत्या. "कपारीकडं जाऊन आले," एवढंच म्हणून मी आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाकरी थापत होती, मी चुलीवरचं — गॅसवरचं — दूध बघत होते. तिनं विचारलं, "ताई, तुमी काल तिकडं गेल्ता ना कपारीकडं? वाट कशी हाय?"

"चांगली आहे."

"अन् वर? सावलीला तीन दगड मांडून चहा करावा म्हणायलेय. पद्मीनबाईला लय हौस हाय."

चहा. म्हणजे जाळ. म्हणजे धूर. एवढं न कळण्याइतकी मी अडाणी नाही. मी दुधावरून नजर काढली नाही.

"कर की," मी म्हणाले. "काही नाही तिकडं."

हेच ते. तीन शब्द.

मला काय हवं होतं? बायका घाबरून पळत खाली याव्यात, एखाद-दोघींना चावावं, आणि सगळ्यांनी म्हणावं — ताई असत्या तर असं झालं नसतं. मी मनात तेच चित्र पुन्हा पुन्हा बघत होते, आणि त्या चित्रात कुणाला फारसं लागलेलं नव्हतं. ते चित्र मी माझ्या सोयीनं काढलेलं होतं.

रविवारी सकाळी मी म्हणाले, कंबर धरलीय. वैशाली बूट बांधत होती; तिनं बूट सोडायला घेतले. "मग पुढच्या रविवारी जाऊ ताई. तुमच्याबिगर कशाला?" ऐकलंत? तिनं मला परत दार उघडून दिलं होतं. मी म्हणाले, "नको, बायका खोळंबतील. जा तुम्ही."

त्या गेल्या आणि मी मेथी निवडत बसले. फोन शेजारीच होता. त्या डोंगरावर रेंज असते. मेथी संपली, मग मी निवडलेली मेथीच पुन्हा निवडायला लागले.

पुढचं मला बायकांकडून कळलं. धूर वर गेला आणि कपारीचं छतच खाली आल्यासारखं झालं. सगळ्या किंचाळत उताराला धावल्या. पद्मीनबाई धावताना पडल्या, त्यांना उठता येईना. वैशाली पार खाली पोचलेली होती. खाली पोचून तिनं मोजलं, आणि ती परत वर गेली. ओढणी सोडून बाईंच्या तोंडावर टाकली आणि स्वतः त्यांच्या अंगावर पडून राहिली. गुराख्यांनी घोंगड्या घेऊन येऊन दोघींना काढलं तोवर.

परभणीला दवाखान्यात मी तिला पाहिलं तेव्हा ओळखलं नाही. डोळे नव्हतेच, नुसती सूज. नर्स तिच्या मानेतल्या नांग्या चिमट्यानं काढत होती. मी तिचा हात धरला, तर ती सुजलेल्या ओठांनी विचारायला लागली, "बाई कशा हायत?"

बाईंच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. त्या जगल्या; पण वॉकर घेऊन न्हाणीपर्यंत, एवढंच त्यांचं चालणं उरलं. मुलगा त्यांना परभणीला घेऊन गेला. जायच्या आधी तो आमच्या घरी आला आणि दिवाणखान्यात सगळ्यांसमोर वैशालीला बोलला. "मोहोळाखाली कुणी जाळ करतंय का? तुमच्या मजेपायी माझी आई गेली ना कामातून!"

वैशाली खाली मान घालून उभी होती. चेहऱ्यावरचे काळे डाग अजून गेले नव्हते. म्हणाली, "चूक माझीच हाय दादा. मी वर बघायला पायजे होतं."

मग माझ्या दिरानं माझ्याकडं बघितलं. "वहिनी, तुमी तर आधी जाऊन आल्ता ना? तुमाला न्हाई दिसलं?"

मी तोंड उघडायच्या आत वैशालीच बोलली. "ताई गेल्या तवा नसंल तिथं. माश्या येऊन बसतात की कधीबी. ताईंनी पाह्यलं असतं तर सांगितलं नसतं का?"

आणि मी मान हलवली. हो म्हणून.

सासूबाई आतून म्हणाल्या, "थोरली शहाणी हाय माझी. धाकटीलाच लय उड्या." मला सगळं मिळालं होतं, बघा — जे मी मेथी निवडताना मागत होते, ते अगदी शब्दाला शब्द.

वैशाली त्यानंतर डोंगरावर गेली नाही. मी जाते. काही महिन्यांनी बायका पुन्हा जमल्या आणि मला म्हणाल्या, ताई, तुमी व्हा पुढं. मी पुढं होते. ओढ्याच्या कडेची तिची वाट आम्ही अजून वापरतो. आता तिला 'ताईंची वाट' म्हणतात, आणि मी कुणाला दुरुस्त केलेलं नाही. पद्मीनबाईंना भेटायला परभणीला मी एकदाच गेले. वैशाली दर महिन्याला एसटीनं जाते, त्यांची वेणी घालून येते.

मला पश्चात्ताप आहे का, असं तुम्ही विचाराल. आहे. पण नुसता पश्चात्तापच आहे असं म्हटलं, तर तेही खोटंच होईल.

परवा, या हिवाळ्यात, माळावर टिटवी ओरडली आणि नव्यानं येणाऱ्या एका मुलीनं मला विचारलं, हा कोणता पक्षी? घरी आल्यावर का कोण जाणे, मी वैशालीला म्हणाले, "चल की गं आता. किती दिवस झाले." ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं एकदा डोंगराकडं बघितलं. मग म्हणाली, "नको ताई. माझ्या भरवशावर आता कुणी नको."

मला माझ्या आत काय झालं ते कळलं. आधी ऊर भरून आला. आणि मग, त्याच्या पाठोपाठ, अगदी स्पष्ट — सुटल्यासारखं वाटलं. बरं वाटलं.

मी तिला दुसऱ्यांदा विचारलं नाही.