देवकीबाईंचे तीन उन्हाळे

देवकीबाई नागपुरात धरमपेठेत घारपुऱ्यांकडे स्वयंपाकाला होत्या. राहायच्या वाडीला, अमरावती रोडवरच्या एका भाड्याच्या खोलीत. नवरा नत्थूजी तिथल्याच ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल मोजून घ्यायचा. माहेर रामटेकजवळचं, पानमळेवाल्या बारई घरातलं. तंबाखूचा त्यांना मनस्वी तिटकारा. नत्थूजीनं खर्रा खाल्लेला दिसला तर त्या दिवशी त्याला भाजी मिळत नसे, नुसती भाकर आणि मीठ.

अशा बाईच्या हाती सिगारी कशा आल्या, त्याची ही गोष्ट.

मधुसूदन घारपुरे तार खात्यातून निवृत्त झालेले. बहात्तरच्या फेब्रुवारीत त्यांचे शाळासोबती अनंत देवधर आले. ते बोटीवर इंजिनियर. त्यांनी क्यूबाहून आणलेला पंचवीस सिगारींचा डबा घारपुऱ्यांच्या हातात ठेवला. "यातल्या दोन आज ओढू. बाकीच्या मी नोकरीतून सुटलो की, तुझ्याच व्हरांड्यात. डिसेंबरात येतो."

घारपुऱ्यांनी डबा लोखंडी कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि निर्धास्त झाले. मे महिन्यात सहज एक काढून पाहिली तर ती बोटांत पापडासारखी मोडली. बाहेर पारा शेहेचाळीसवर. घारपुरे खुर्चीत मटकन बसले.

"अरुंधती, संपलं सगळं! अनंताला काय तोंड दाखवू?"

त्यांच्या पत्नी अरुंधतीकाकू म्हणाल्या, "पाण्यात बुडवून पाहा."

देवकीबाई पोळ्या टाकून बाहेर आल्या होत्या. त्यांनी मोडलेला तुकडा हातात घेतला, उलगडला, उन्हाकडे धरून त्याच्या शिरा पाहिल्या.

"साहेब, हे तं पान होय."

"तंबाखूचं पान आहे, देवकीबाई."

"असू द्या. पान ते पान. लोखंडात काहून ठेवलं त्याले? आन् पाणी मारू नका आता. सुकल्या पानाले एकदम पाणी देल्लं तं ते फाटते. हळूहळू हवेतूनच प्याले पायजे त्यानं."

घारपुऱ्यांनी एका इंग्रजी मासिकात सिगारच्या पेटीबद्दल वाचलं होतं. तशी पेटी करायची ठरली. सीताबर्डीवरच्या शालिकराम सुताराला बोलावणं गेलं. घारपुरे म्हणाले, "चांदा भागातला उत्तम साग वापर." शालिकरामनं मान हलवली.

"साग तेलकट असते साहेब. त्याचा वास तुमच्या मालाले लागंल. तून घ्या. हलकं लाकूड, गोड वास, कीडही कमी. आन् आतून पालिश बिलकुल नाही मारायचं."

आठ दिवसांत पेटी आली. झाकण असं बसवलेलं, की सोडलं तर धाडकन न आदळता आतल्या हवेवर सावकाश टेकायचं. घारपुरे लगेच सिगारी ठेवायला निघाले, तर देवकीबाई आडव्या आल्या.

"कोरं लाकूड हाये. तेच तहानलेलं. तुमच्या सिगारीतलं होतं नव्हतं ते पाणी हेच पिऊन घेईन. पयले याले पाजा."

नळाच्या पाण्यानं पांढरे डाग पडतात म्हणून नत्थूजीनं वाडीच्या बॅटरीवाल्याकडून शुद्ध पाण्याची बाटली आणली. देवकीबाईंनी त्यात स्वच्छ फडकं भिजवून, घट्ट पिळून पेटी आतून पुसली. मग एका बशीत पाणी ठेवून झाकण बंद. रोज सकाळी कणीक मळायच्या आधी तेच. सहाव्या दिवशी त्यांनी आतल्या फळीला गाल लावून पाहिला आणि म्हणाल्या, "झालं याचं पोट भरून." मग सिगारी आत गेल्या.

घारपुऱ्यांनी हवेतला ओलावा मोजणारं छोटं काट्याचं यंत्र आणलं होतं. ते खरं बोलतं की नाही हे पाहायला त्यांनी काचेच्या बरणीत ओलसर मीठ ठेवून त्यात ते रात्रभर बंद केलं. मिठापाशी काटा पंचाहत्तरवर यायला हवा. तो आला सहासष्टवर.

"नऊ कमी दाखवतंय," घारपुरे खुशीत म्हणाले.

"मिठाले विचारून काटा पाहता, त्यापरीस सिगारीलेच काहून नाही विचारत?" असं म्हणून देवकीबाईंनी एक सिगार दोन बोटांत हलकेच दाबली. अजून कडक होती. पंधरवड्यानं ती थोडी दबली आणि बोट काढताच परत फुगली. त्या दिवशी घारपुऱ्यांनी साऱ्या घराला आइस्क्रीम खिलवलं.

ऑगस्टात उलटंच झालं. आठ दिवस झड लागलेली. पेटी उघडली तर सिगारींवर पांढरी लव. घारपुरे म्हणाले, "फेकून द्या!" देवकीबाईंनी बशी बाहेर काढली, पेटी कोरड्या फडक्यानं पुसली आणि मऊ ब्रशनं एकेक सिगार साफ केली. तीन सिगारींना सुईच्या टोकाएवढी भोकं होती.

"ह्या किड्याच्या झाल्या. ह्या चुलीत. एक सडलं पान टोपलीत राहिलं तं अख्खी टोपली जाते."

उरल्या एकोणीस. तेव्हापासून पद्धत ठरली. उन्हाळ्यात दर चौथ्या दिवशी बशीत पाणी, पावसाळ्यात बशी बाहेर, महिन्यातून एकदा खालच्या सिगारी वर आणि वरच्या खाली. हात धुतल्याशिवाय आणि कांदा चिरल्यावर पेटीला शिवायचं नाही.

डिसेंबर आला, देवधर आले नाहीत. बोट कुठल्याशा बंदरात अडकली होती. त्र्याहत्तरच्या डिसेंबरात पत्र आलं: नोकरी एक वर्ष वाढली. चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये घारपुऱ्यांच्या छातीत कळ आली. पंधरा दिवस इस्पितळात. डॉक्टरांनी धूम्रपान कायमचं बंद केलं. घरी आल्यावर पलंगावरून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पेटीचा.

"तुम्ही निजा साहेब. त्या मजेत हायेत."

अरुंधतीकाकूंना हुंदका आवरेना. त्या पंधरा दिवसांत घरातल्या कुणाला जेवणाचीही शुद्ध नव्हती, आणि या बाईनं चौथ्या दिवसाचं पाणी चुकवलं नव्हतं.

पंचाहत्तरच्या जानेवारीत देवधर आले, निवृत्त होऊन. व्हरांड्यात बसले. घारपुरे समोर रिकाम्या हातांनी. देवधरांनी सिगार पेटवली आणि डोळे मिटून दोन झुरके घेतले.

"मध्या," ते म्हणाले, "ही मी दिली तेव्हापेक्षा चांगली लागते आहे. हे केलं कुणी?"

देवकीबाईंना बाहेर बोलावलं. पदराला हात पुसत त्या आल्या.

"कशी लागते, साहेब?"

"तुम्हीच पाहा," देवधर हसत म्हणाले आणि सिगार पुढे केली.

अरुंधतीकाकू "अगं बाई!" म्हणेपर्यंत देवकीबाईंनी ती घेतली, एक झुरका ओढला आणि त्यांना असा ठसका लागला की काकू तांब्या घेऊन धावल्या. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "याच्यासाठी मी तीन उन्हाळे मरून राहिली होती? काहीच नाही वं काकू यात! आमचं कपुरी पान लाखपट बरं."

घारपुरे इतके हसले की काकूंना त्यांच्या छातीची काळजी वाटली.

देवधर नागपुरातच राहिले आणि एका जुन्या क्लबाचे सभासद झाले. तिथल्या सिगारच्या कपाटाची दशा पाहून त्यांनी देवकीबाईंचं नाव सुचवलं. कपाटाच्या खोलीत बायकांना जायला मनाई होती. चिटणिसांनी आठवडाभर विचार केला, मग उन्हाळ्यात कपाटातल्या सिगारी वाळून गेल्या तेव्हा निरोप धाडला. देवकीबाईंनी पगाराआधी अट घातली: किल्ली एकच, ती माझ्याजवळ.

आठवड्यातून दोनदा त्या जायच्या. नऊ वर्षं जात राहिल्या. एकदा मे महिन्यात त्यांनी कुलूप काढल्यावर एक न्यायाधीशसाहेब कपाटाचं दार उघडं धरून कुठली घेऊ, कुठली नको, असं करत उभे होते.

"साहेब, पसंत करा, नाही तं दार लावा. लू घुसून राहिली."

न्यायाधीशांनी वळून पाहिलं. हातात बाटली घेतलेली ठेंगणी बाई, नऊवारीचा काष्टा, कपाळावर मोठं कुंकू. त्यांनी मुकाट्यानं हाताला लागली ती सिगार उचलली आणि दार लावलं.

"हात धुतले होते ना?" देवकीबाईंनी विचारलं.