अडलेल्याच्या हातात खडू

"मॅडम, हा तुमच्या लोकांचा वर्ग का?"

विभागप्रमुख दारात उभे होते. विचारलं मला, बघत होते फळ्याकडे. फळ्यावर भिंतीला टेकलेली शिडी. घर्षणाचा बाण उलटा. खडू हातात घेऊन उभा होता दिवा स्टेशनहून येणारा एक मुलगा, मेकॅनिक्समध्ये दोनदा नापास होऊन केटी लागलेला. प्रमुखांनी मोबाइल काढला. फोटो घेतला. त्याच्या चेहऱ्यासकट.

"कॉलेजच्या ग्रुपवर टाकतो. कोट्यातले कोट्यातल्यांना कसं शिकवतात, बघू दे सगळ्यांना."

मुलांनो, तुम्ही फोनवर विचारता, निवृत्त झालेली आजी दर शनिवारी डोंबिवलीहून ठाण्याच्या कॉलेजात का जाते? क्रमाने सांगते.

त्या कॉलेजात मी गणित शिकवलं. आता तिथे इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या अवघड विषयांत अडलेल्या मुलांना वरच्या वर्षाची मुलं मदत करतात. हा वर्ग स्नेहल चालवते. तिसऱ्या वर्षाची, राहायला कळव्याला. खोली मिळायला कुणी जबाबदार माणूस लागतं, म्हणून मी मागच्या बाकावर बसते. नियम एकच. खडू अडलेल्याच्या हातात. स्नेहल उत्तर सांगत नाही. चूक दिसली तरी फक्त प्रश्न विचारते.

त्या दिवशी तिने नुकतंच विचारलं होतं, "अरे, तुझी शिडी चाललीय कुठे?"

"खाली ना ताई. घसरतेय."

"मग घर्षण तिला कुठल्या बाजूने अडवेल? बाण बघ."

"त्याची शिडी टेरेसवर चाललीय!" मागून कुणीतरी ओरडलं. तोही हसला. डस्टरकडे हात नेला. बाण त्याचा त्यालाच दिसला होता. तेवढ्यात दार उघडलं.

फोटोनंतर त्याने सगळं पुसलं. शिडीसुद्धा. सॅक उचलली आणि निघून गेला.

प्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. आवाज अगदी मऊ.

"तुम्ही स्वतः शिकवा ना मॅडम. त्या मुलीला बाजूला करा."

"वर्ग तिचा आहे."

ते चहा ढवळत राहिले. "तिच्या टर्मवर्कचे मार्क माझ्याकडे आहेत. प्रोजेक्टची तोंडी परीक्षा, व्हायवाही मीच घेणार. हुशार मुलगी आहे. उगीच नुकसान नको."

काचेबाहेर स्नेहल उभी होती. तिच्याकडे बघून त्यांनी हसून हात केला. तिनेही नमस्कार केला.

'तुमचे लोक.' नोकरीच्या पहिल्याच वर्षी, याच कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेले शब्द. तेव्हा वाटलं, चांगलं शिकवत राहिले की ते झिजतील. झिजले नाहीत. माझ्यासमोर त्या मुलाच्या अंगावर पडले.

मी कपाला हात लावला नाही.

"आत्ता जे बोललात, ते बाहेर येऊन तिच्यासमोर बोला. नाहीतर मी सांगते."

"मॅडम, वयाचा विचार करा."

"केला."

ते खुर्चीतून उठले नाहीत. मीच बाहेर येऊन स्नेहलला शब्दन् शब्द सांगितला. तिचा चेहरा उतरला. "मॅडम, घरी नका सांगू हं. पप्पा लगेच म्हणतील, सोड तो वर्ग." मग म्हणाली, "शनिवारी घ्यायचा ना वर्ग?"

तो फोटो मुलांच्या मोबाइलवर फिरला. दिव्याचा मुलगा फोन उचलत नाही. गेल्या शनिवारी खोलीला नवं कुलूप होतं. आम्ही पॅसेजमध्ये फरशीवर बसलो. जाणारे-येणारे प्राध्यापक आम्हाला ओलांडून जात होते. एकही थांबला नाही. मुलं सुट्ट्या कागदांवर गणितं सोडवत होती. त्यातली दोन मधूनच उठून गेली.

प्राचार्यांकडे मी तक्रार दिली आहे. माझ्या नावाने, माझ्या सहीने. उत्तर आलेलं नाही. स्नेहलची व्हायवा जवळ आली आहे. ती आत असेल तेव्हा मी दाराबाहेर उभी असणार. तिला मुद्दाम पाडलं, तर केबिनमधलं सगळं संभाषण मी विद्यापीठाकडे चौकशी मागून तिथे शपथेवर सांगणार आहे. तिने परवानगी दिली आहे. तुमच्या आईबाबांनाही हे वाचून दाखवा, आणि मला जपून राहायला सांगू नका.