गयाबायचं रडणं

सन दोन हजार तेवीस. माझं वय तेव्हा चौऱ्याहत्तर. गावच्या पुढाऱ्याची आई वारली. तालुक्याचे साहेब यायचे होते, म्हणून तिला सकाळपासून बर्फाच्या पेटीत ठेवली होती. पुढाऱ्याचं नाव मी लिहीत नाही. ते त्यानं फ्लेक्सवर भरपूर लिहून घेतलंय. बाया बेतानं रडत होत्या. तेवढ्यात माझी शेजारीण गयाबाय शेळ्या बांधून आली, पेटीच्या उशाला बसली आणि हेल काढून रडायला लागली.

"माय गं, उन्हाळाभर टिनाच्या शेडात पंखा मागत व्हतीस गं... आज गार पेटीत निजवलं गं तुला. आता तरी बरं वाटून राहिलं का, माय?"

पुढारी ओरडला, "हिला भाईर काढा!"

गयाबाय म्हणाली, "मी मयतीशी बोलून राहिले. तू काहून मधी बोलतोस?"

अशी ही बाई. उंच, काळी, आवाज फाटका. नवरा लवकर गेला, लेकरू नाही, शेळ्यांवर जगली. गावात कोणीही मेलं की जायची आणि मेलेल्याला तोंडावर खरं सांगत रडायची. ज्यांच्या मनात पाप, ते तिला दारात पाहूनच कावरेबावरे व्हायचे. मी एकदा म्हणालो, "गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं, गयाबाय." तर माझ्यावरच उखडली, "खोटं चांगलं बोलले तर मी दुसऱ्याच कोणासाठी रडले की रं! ज्याला मी वळखत व्हते, त्याला कोण रडंल?"

कासिम शिंपी गेला तेव्हा त्याच्या दारात बसली. "किती चिडका व्हतास रं कासिम! कपडे कधी देतो म्हणलं की कात्री आपटायचास. पण लेकरं वाढतील म्हणून चड्डीला आतून कापड दुमडून ठेवायचास रं..." कासिमचं पोरगं रडता रडता हसलं. "बराबर बोलली चाची. अब्बा असेच होते."

यंदा उन्हाळ्यात गयाबाय गेली. दुपारपर्यंत नाक्यावर फ्लेक्स लागला. पुढारी हात जोडून उभा, पुरुषभर उंच. त्याच्या समोर कोपऱ्यात ती, आधार कार्डावरच्या फोटोत, बशीएवढी. स्मशानात तिच्या भाच्यानं अग्नी दिला न दिला, की पुढाऱ्यानं माईक धरला. "गयाबाई मला आईसारख्या होत्या. गोड स्वभाव. कधी कोणाला दुखावलं नाही."

माझं डोकं फिरलं. "गप बस! सख्ख्या आईला पंखा दिला न्हाईस, अन् हिला आई करतोस?"

मला माईक लागत नाही. चितेकडं तोंड केलं. "गयाबाय, लई भांडखोर व्हतीस. शेळ्या माझ्या हरभऱ्यात घालायचीस अन् वर मलाच शिव्या द्यायचीस. आता मी कोणाशी भांडू गं?" आणि बायांसारखा हेल काढून रडलो.

माझ्या पोरानं दंड धरला. "आबा, बसा. लोकं व्हिडिओ काढून राहिले."

"काढू दे," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच विळा घेऊन नाक्यावर गेलो. हॉटेलवाल्याकडं स्टूल मागितलं. तो घाबरला. "आबा, फ्लेक्स काहून फाडता? उगाच तकलीफ व्हईल."

"फाडत न्हाई. आमची बाई घेऊन चाललो."

कोपऱ्यातला तेवढा चौकोन कापला आणि अंगातल्या बंडीच्या आत ठेवला. बाकीचा फ्लेक्स तसाच सोडला. पुढारी अजून तिथं भोकाला हात जोडून उभा आहे.