उंदरांच्या खोलीतले काका

आमच्या फार्मसी कॉलेजात प्रयोगाचे उंदीर सांभाळणारे काका रोज दिंडोरीहून येतात. उंदरांच्या खोलीचं दार उघडण्याआधी ते बाहेर उभे राहून दोनदा खोकतात. आपलाच माणूस आलाय, हे आतल्यांना कळायला हवं म्हणून. मी सेंट लावून आले, की मला दारातूनच हात धुवायला परत पाठवतात.

माझा विषय उंदरांमधली चिंता. अर्धी उघडी, अर्धी भिंती लावलेली अशा उंच फळीवर उंदीर सोडायचा आणि तो उघड्यावर येतो की भिंतीआड बसून राहतो, ते मोजायचं. त्याआधी पिंजरा अर्धा तास शांत ठेवावा लागतो. मी घाई केली, की काका घड्याळावर बोट ठेवतात. "ताई, त्याचा जीव थाऱ्यावर नाय अजून."

मागच्या सेमिनारमध्ये सगळ्यांसमोर माझी दातखीळ बसली होती. काका तेव्हा पाण्याच्या बाटल्या ठेवत होते. नंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मात्र त्यांनी मला उंदरांच्या खोलीत नेऊन स्टुलावर बसवलं, मोबाइल काढून घेतला, ट्यूबलाइट बंद केली आणि दार ओढून घेतलं.

थोड्या वेळाने बाहेर सरांचा आवाज आला. "परीक्षक थांबलेत. कुठे आहे ती?"

"आठ मिनिटं बाकी हायेत, साहेब."

सर मागे फिरले. त्या खोलीपुढे त्यांचंही चालत नाही. मी भिंतीला पाठ लावून बसले होते.

आठ मिनिटांनी दाराबाहेर कुणीतरी दोनदा खोकलं.