विम्यात दात बसत नाहीत

आमचे हे कवळ्या बनवतात. लग्न ठरताना मला एवढंच सांगितलं होतं की मुलगा दातांच्या धंद्यात आहे. मी समजले डॉक्टर. डॉक्टर मोठ्या रस्त्यावर पाटी लावून बसतो. त्याने घेतलेल्या मापावरून मागच्या गल्लीत मेण वितळवणं, साचा भरणं, घासणं हे सगळं करतात ते आमचे हे. घरभर गुलाबी भुकटी. जेवायला बसलं की समोरच्या फळीवरून कुणाचे तरी दात आपल्याकडे बघून हसतात. आता सवय झाली.

ती फळी न नेलेल्या कवळ्यांची. लोक माप देतात आणि पुढे फिरकतच नाहीत, कारण विम्यात दात बसत नाहीत. डोळे बसतात, गुडघे बसतात, मूळव्याधसुद्धा बसते. दात मात्र नाहीत. यंदा सगळ्यांसाठी विम्याचा नवा कायदा येणार, त्यात दातांचंही कलम आहे असं कळलं, तेव्हा फळीवरच्या कवळ्या मला जरा जास्तच हसऱ्या वाटायला लागल्या.

त्यातली एक गाण्याच्या बाईंची. बाई आमच्या वरच्या मजल्यावर शिकवण्या घ्यायच्या. वरचे दात गेले, सूर शाबूत राहिले, पण शब्द सांडायला लागले. मुलं फिदीफिदी हसायची, मग यायचीच बंद झाली. आता बाई रोज खाली येऊन कायदा झाला का म्हणून विचारायच्या.

होणार कसा? एक पुढारी हात धुऊन मागे लागला होता. टीव्हीवर तिजोरीच्या काळजीने अर्धा व्हायचा आणि वर म्हणायचा, दात म्हणजे आरोग्य नव्हे, दात म्हणजे शृंगार. याच्या जिभेला काही हाड, असं मी टीव्हीलाच विचारायची.

सभागृहात कायद्यावर मतदान होतं, त्या दिवशी दुपारी मागच्या दाराने एक गृहस्थ आत शिरला. तोंडाला रुमाल. रुमाल काढला तर गाल पार आत गेलेले. मी ओळखलंच नाही. त्याने खिशातून कवळीचे दोन तुकडे काढून ठेवले आणि त्याचा ड्रायव्हर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, बेसिनमध्ये पडून फुटली, आणि संध्याकाळी साहेबांचं सभागृहात भाषण आहे.

तोच तो पुढारी! माझं डोकंच फिरलं. यांना आत ओढलं आणि म्हटलं, हाकला मेल्याला, बिनदाताचा जाऊ दे, प्रश्नच मिटेल. तर हे म्हणतात, "फुटलेली कवळी दारात आली की मी जोडतो. मत विचारून दात द्यायचे तर दुकान कशाला, पक्षच काढतो." असल्या सरळ माणसाशी संसार म्हणजे काय, ते माझं मलाच ठाऊक.

पुढारी फळीखाली स्टुलावर बसला, आणि नेमक्या बाई टपकल्या. दोघांच्याही तोंडाचं बोळकं. बाईंना त्याची दया आली. शेजारी बसून विचारलं, तुम्हीही कायद्याचीच वाट बघताय ना? त्याने मान डोलावली, दुसरं करतो काय. लाजू नका, बाईंनी समजूत घातली, पातळ खात जा, आणि दातांना शृंगार म्हणणारा तो हलकट आहे ना, त्याचे दात त्याच्याच घशात जावोत. यावरही त्याने मान डोलावली. मी तोंड दाबून मोरीत पळाले.

यांनी कवळी अशी जोडून दिली की भाषणात एक अक्षर सांडलं नाही. दातांचं कलम आपटलं. बाई आमच्याकडेच टीव्ही बघत होत्या. भरल्या गालांचा तो माणूस काही त्यांना ओळखू आला नाही. यांच्याकडे वळून म्हणाल्या, "दुपारच्या त्या गृहस्थांचं आता कसं होणार हो? कधी कुणाला फुकट देता आलीच, तर आधी त्यांना द्या. माझं चालतंय."

हे उठले, फळीवरून बाईंची कवळी काढली, स्वच्छ धुतली.

"त्यांना मिळाली," हे म्हणाले. "जाताना तुमचेही पैसे भरून गेलेत."

यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. आता नवऱ्याचं खोटं उघडं पडू देईन तर मी बायको कसली? दुसऱ्या दिवशी पुढाऱ्याच्या कचेरीत बिल मी धाडलं: तातडीचं काम, कवळ्या दोन. सभागृहातल्या मंडळींचा विमा निराळा असतो, त्यात दात बसतात. पैसे आले, कुणी हूं की चूं केलं नाही.

बाईंच्या शिकवण्या पुन्हा सुरू झाल्यात. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या स्टुलावरच्या देवमाणसाची गोष्ट सांगतात. ती संपली की पुढाऱ्याला शिव्या घालायला घेतात, आणि एक अक्षर सांडत नाही.