थर्माकोलची चावी

"घे. आज दिवसभर ही धर."

मॅनेजरसाहेबांनी माझ्या हातात चावी दिली. थर्माकोलची, कमरेएवढी उंच, सोनेरी कागद लावलेली. नवी गाडी नेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात फोटोपुरती देतात ती. ती घेऊन मला शोरूमच्या काचेच्या दारात उभं केलं. समोर अख्खा जालना रोड.

त्या महिन्यात मी चार गाड्या विकल्या होत्या. पण त्यांच्यासोबत शोरूमचा विमा विकला नाही, सीट कव्हर नाही, की गाडी हाताळण्याच्या नावाखाली लावतात ते 'हँडलिंग'चे पैसे नाहीत. "गाडी कुणीपण विकतं," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. "वरचं विकायला डोकं लागतं. ते कोट्यातून मिळत नाही."

मुलाखत देऊन लागले होते मी. पण माझं आडनाव त्यांना पहिल्या दिवसापासून पाठ होतं. सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

दुपारी रहीमचाचा आले. छावणीत आमच्या शेजारी राहतात, शाळेच्या पोरांची व्हॅन चालवतात. नवी व्हॅन घ्यायची होती. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. "वा बेटी! चाबीच तेरे हात में!"

त्यांना वाटलं, माझा सत्कार चाललाय. मी वाटू दिलं. चावी भिंतीला टेकवली आणि त्यांना टेबलाशी बसवलं.

गाडीची किंमत कंपनी ठरवते. आमचा पगार तुटपुंजा, घर चालतं ते वरच्या विक्रीच्या कमिशनवर. म्हणून दरपत्रकात नको त्या ओळी घुसवायच्या आणि "हे लागतंच" म्हणायचं. इंग्रजीत भांडणाऱ्याच्या ओळी साहेब स्वतः खोडतात. विश्वास टाकणारा सगळं भरतो.

चाचांनी कागद वाचलाच नाही. "तू है ना. मेरे कू क्या देखना?"

मी एकूण एक ओळ लावली. त्यांनी सही केली.

साहेबांनी चावी उचलून नेली, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. "शिकली एकदाची!" चाचासुद्धा टाळ्या वाजवत होते. ज्यांच्या व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसून मी शाळेत गेले, त्यांचाच खिसा मी कापला होता. सकाळी दारात उभं राहताना वाटली नव्हती एवढी लाज तेव्हा वाटली.

चार दिवसांनी चाचा पैसे भरायला आले. मी काउंटरवर आडवी गेले. "चाचा, थांबा. यातल्या तीन गोष्टींचं काय बी कारण नाय. विमा बाहेर स्वस्त मिळतो." लाल पेनानं तिन्ही ओळी खोडल्या.

चाचा कागदाकडं बघत राहिले. "तेरे कू उस दिन मालूम था?"

"व्हय, चाचा."

त्यांनी उरलेले पैसे भरले. फोटो काढताना मला बोलावलं नाही.

साहेबांनी केबिनमध्ये घेतलं. "उद्यापासून परत दारात. चावी घेऊन."

"चावी मी धरणार नाही. मला कामावरून काढायचं असेल तर लेखी द्या. कशापायी काढलं तेही लिहा."

ते पत्र अजून आलेलं नाही. कमिशन मात्र बंद झालं. गिऱ्हाईक इंग्रजी बोलो की दखनी, दरपत्रक मी त्याच्याकडं फिरवते आणि जे लागत नाही ते त्याच्यादेखत आधी खोडते.

चाचा अजून माझ्याशी बोलत नाहीत. न बोलोत. लाल पेन मी खाली ठेवणार नाही.