अण्णांचं टपाल

जुन्या पत्रांत काम करणाऱ्याकडे किस्से आपोआप साठतात. दुसऱ्यांच्या आयुष्यात दिवसभर मुक्काम, मग काय होणार?

ऐंशीच्या दशकात माझ्या नवऱ्याला, श्रीकांतला, अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका छोट्या गावातल्या हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली आणि मला तिथल्या कॉलेज लायब्ररीत पार्ट-टाइम काम मिळालं. तळघरात एका जुन्या समाजवादी पुढाऱ्याची खासगी पत्रं होती. खाणकामगारांची युनियन बांधलेला, संपापायी तुरुंगात गेलेला माणूस. माझी बॉस रूथ आणि मी ती वाचून टाइप करायचो. वरच्या झरोक्यातून बर्फाचा निळसर उजेड यायचा. त्या उजेडात साल कुठलं चाललंय ते विसरायला व्हायचं.

*

सगळे त्या पुढाऱ्याचं पहिलं नाव घेऊनच बोलत. मला ते जमेना. वडीलधारा माणूस! मी 'अण्णा' म्हणायला लागले. हळूहळू रूथही म्हणायला लागली, मग वरचा स्टाफसुद्धा.

एकदा बाहेरगावचे एक प्रोफेसर आले. अख्खी सकाळ आमचं बोलणं ऐकत बसले. दुपारी रूथला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "ही ॲना कोण? त्याच्या बायकोला माहीत होतं का?"

*

रूथ पत्रं क्रमानेच वाचायची. पुढचं खोकं आधी उघडायचं नाही, असा तिचा नियम. त्यामुळे अण्णा तुरुंगात होते तेवढे महिने ती उदासच असायची. "आज त्याला खोकला आहे," असं म्हणून झरोका लावून घ्यायची.

एका सकाळी मी पोचले तर टेबलावर ताजा भाजलेला चेरी पाय आणि कॉफी. मी विचारलं, "कुणाचा बर्थडे?"

"नाही गं. काल संध्याकाळी सोडलं त्याला."

आम्ही दोघींनी तो चेरी पाय खाल्ला. तो माणूस जाऊन साठेक वर्षं झाली होती.

*

घरी मी जेवताना अण्णांचंच बोलायचे. तुरुंगातून त्यांनी भावाला लिहिलं होतं: सफरचंदाच्या झाडाला पाणी घाल, माझे लोकरीचे मोजे पाठव. माझी लेक नेहा आठ वर्षांची. ती म्हणाली, "आई, व्हेन डझ द रेव्होल्यूशन स्टार्ट?"

श्रीकांत भात कालवत म्हणाला, "मोजे पोचू देत आधी."

*

आणि एक दिवस सत्तरीच्या एक बाई आल्या. निळा कोट, हातात पर्स. लहानपणी त्यांनी अण्णांना तुरुंगात पत्र लिहिलं होतं. वडील खाणीतल्या अपघातात गेले होते, तुम्ही सुटलात की आमच्याकडे जेवायला या, असं. अण्णांचं उत्तर आलं होतं, ते त्यांनी जपून आणलं होतं.

रूथचे डोळे लकाकले. "कलेक्शनला द्याल?"

बाईंनी मान हलवली. "आत्ता नाही देता येणार. त्यांनी विचारलंय, आई कशी आहे, तू शाळेत जातेस का. मी अजून उत्तर दिलेलं नाही. तेव्हा आम्ही गाव सोडलं, मग राहूनच गेलं."

मग रूथने त्यांना झरोक्याखालचं टेबल दिलं, कागद दिला, आपलं पेन दिलं. बाई दुपारभर लिहीत बसल्या. मधेच थांबायच्या, वर बघायच्या, स्वतःशीच हसायच्या. दूर कुठेतरी मालगाडी शिटी देत गेली. मी टाइपरायटरला हातसुद्धा लावला नाही.

अंधारून आलं तेव्हा त्यांनी पाकीट बंद केलं आणि विचारलं, "पत्ता काय घालू?"

"माझ्याकडे द्या," रूथ म्हणाली.

बाई गेल्यावर तिने 'आलेली पत्रं' असं लिहिलेलं खोकं उघडलं आणि ते पाकीट सगळ्यात शेवटी लावलं. न उघडता.